स्पॅनिश नावांतली मोठी अक्षरं

बाबा, आज माझं डोकं ठिकाणावर नाही आणि तुमच्या मागे ते ऐकून घेणारं घरात कोणी नाही. वाशीमच्या आपल्या त्याच घरात बसून मी परदेशी प्राध्यापकांचे स्पॅनिश लेख इंग्रजीत करते. लेख होऊन जातो. जीव खाते ती शेवटची संदर्भांची यादी. इंग्रजीत पुस्तकाच्या नावातला जवळजवळ प्रत्येक शब्द मोठ्या अक्षरानं सुरू करायचा. स्पॅनिशमध्ये फक्त पहिला, शिवाय माणसांची, गावांची नावं तेवढी. अमेरिकन इंग्रजीत पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत, स्पॅनिशमध्ये बाहेर. आणि प्रश्न विचारायचा तर स्पॅनिशवाल्यांना वाक्याच्या आधीही एक प्रश्नचिन्ह लागतं, तेही उलटं! आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नाहीच, केवढं सुख.

गेल्या आठवड्यात एका बाईंची यादी आली. लेख इंग्रजीत जाणार, म्हणून मी चार दिवस बसून त्यातल्या पुस्तकांच्या स्पॅनिश नावांचा एकेक शब्द मोठ्या अक्षरानं सुरू केला. आज त्यांचं उत्तर आलं. ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं? नावं माझ्या भाषेतली आहेत, तिच्याच रीतीनं राहतील. चूक वाटली तर विचारायचं होतं.’ म्हणजे स्पॅनिश नावं पुन्हा लहान करा, इंग्रजी मात्र मोठीच ठेवा! मी लॅपटॉप आपटला. ‘विचारायचं होतं’ या शब्दांनी तुमचा छापखाना आठवला, आणि मग तुमचाही राग आला.

आठवणीत मी सातवीत आहे. शाळा सुटली की छापखान्यात येते, मजकूर वाचून दाखवते, तुम्ही अक्षरांचे खिळे जुळवता. कामरगावच्या एका बौद्ध घरची लग्नपत्रिका आहे. ती छापून होते आणि मुलीचे वडील न्यायला येतात. वरचं कार्ड पाहतात, पण आवाज चढवत नाहीत.

“भाऊ, आमच्या पत्रिकेवर गणपती काहून? मी तं तुमाले सारं लिहून देल्लं होतं.”

तुम्ही कार्ड हातात घेऊन बघता. गणपती प्रत्येक पत्रिकेवर असायचाच, त्यामुळे छापताना तो तुमच्या डोळ्यांना खटकलाच नव्हता.

“हात सवयीनं गेला, दादा. चूक मायी हाय. उद्या या, नवीन देतो.”

ते गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळता. “पाह्य पोरी, त्यायच्या घरचं कार्य हाय. आपल्याले बरं वाटते ते त्यात घुसवाचं नाई. समजलं नाई तं इचाराचं.” मी मान खाली घालून ऐकते. तुम्ही सगळ्या पत्रिका पुन्हा छापता. पुढे प्रत्येक नव्या कामगाराला ही गोष्ट सांगितलीत, स्वतःला दोष देत. दर वेळी मी उठून बाहेर जायची.

बाईंना माफीच्या दोन ओळी पाठवल्या, यादी पुन्हा करायला घेतली. हे तुम्हाला मात्र पाठवता येत नाही. त्या दिवशी पत्रिका जुळवून तुम्ही चहाला गेला होतात, बाबा. पत्रिकेच्या वरची जागा रिकामी दिसली. राहून गेलं असेल असं वाटलं, आणि गणपतीच्या चित्राचा ब्लॉक मी बसवला.