पहिल्या वासाचा मान

६ ऑगस्ट १९५२

आज खोटं बोलले. असं तसं नाही — धडधडीत!

भर दुपार. सगळं गाव दारं लावून झोपलेलं. मारूसो मागच्या दाराने आत शिरली, अनवाणी. याकुमीसची मुलगी, कधीकाळी माझ्याच शाळेत, शेवटच्या बाकावर. काही विचारायची गरजच नव्हती. पोट दिसत होतं.

"बाई, बाबाला कळलं," एवढंच म्हणाली.

पाठोपाठ तो आलाच. हातात वेल छाटायचा कोयता.

"बाजूला व्हा, बाई. हा आमच्या घरातला मामला आहे."

"आधी तो कोयता खाली ठेव."

"कोण तो, एवढं तिनं सांगावं. मग दोघांचा एकदमच निकाल लावतो!"

मारूसो तोंड उघडेना. या लहानशा ग्रीक बेटावर अशा मुलींचं काय होतं, मला ठाऊक आहे. मी शिक्षिका म्हणून इथे आले त्याच वर्षी एक विहिरीत पडली. पाय घसरला म्हणे. सगळ्यांनी तेच सांगितलं आणि मीही मुकाट्याने तिच्या दफनाला गेले.

मग माझंच तोंड उघडलं. काय बोलतेय ते बोलताना कळत होतं असंही नाही. म्हटलं, "याकुमीस, मार्चच्या सणाला फुलं घेऊन कोण चाललं होतं? हीच ना? वाऱ्याने हिचं फडकं सुटलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. पहिला वास हिने घेतला, आणि मातेसारखेच दिवस हिलाही गेले."

देवदूताने कुमारी मातेला निरोप दिला, त्या सणाला इथल्या बिनलग्नाच्या मुली लिलीच्या दांड्या चर्चमध्ये नेतात. नाकातोंडावर फडकं बांधून! फुलांच्या पहिल्या वासाचा मान मातेचा. तसबिरीच्या काचेआड फुलं ठेवेपर्यंत तो दुसऱ्या कुणी घ्यायचा नाही. मी वर्षानुवर्षं या प्रकाराला हसत आले. आज तोच कामी आला. फडकं खरंच सुटलं होतं का? मला आठवत नाही.

वाटलं, आता हा मला वेड्यात काढणार. याकुमीसने कोयता खाली ठेवला. मग तो गुडघ्यावर बसला — पोटच्या पोरीपुढे! — आणि तिच्या धुळीने माखलेल्या पायांना हात लावून रडायला लागला.

मारूसो त्याच्याकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

७ ऑगस्ट

गावभर झालं. नळावर मी गेले तशा बायका बाजूला झाल्या. माझी घागर आधी भरून दिली.

१० ऑगस्ट

आनेझो म्हातारी मसूर निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "व्हायचंच होतं हे. माझ्या आजीच्या वेळी झालं होतं. तिच्या आजीच्या वेळीही."

"मग इतक्या वर्षांत मला कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही कुठं विचारलंत? आणि तुम्ही पडलात बाहेरच्या."

गोष्ट मी रचली बुधवारी. माझ्या चुलीपाशी उभी राहून! हिच्या आजीला ती कुठून माहीत?

विचारलं, "त्या मुलीचं पुढे काय झालं?"

"काय व्हायचं? मान मिळाला. मरेपर्यंत कुणी बोललं नाही तिच्याशी."

"हा कसला मान?"

"तसाच असतो," म्हणाली आणि मसुरातला खडा अंगणात भिरकावला.

१५ ऑगस्ट

मातेचा सण. मार्चमध्ये ठेवलेल्या त्या वाळक्या दांड्यांना काचेआड दरवर्षीसारख्या कळ्या फुटल्या. दांडीत ओल उरत असेल, असं मी आपलं मनाशी म्हणते. पण यंदा कळ्यांकडे कुणी बघतच नव्हतं. मारूसो आत आली तशी गर्दी दुभंगली. तिच्या झग्याचा काठही कुणाला लागला नाही. तिची आई चार पावलं मागे चालत होती.

पाद्रीबाबांनी मला बाजूला घेतलं. हे पापा-स्त्रातीस तसे माझ्यासारखेच — विश्वास कमी, थकवा जास्त.

"काय करून बसलात, बाई?"

"जीव वाचवला एकीचा."

"तिचा वाचवलात, मान्य. आणि ज्याने हे केलं, त्याचाही."

मला संताप आला! म्हटलं, कोयता तुमच्या दारात आला असता म्हणजे कळलं असतं. रागाने नीट जेवलेही नाही मी.

३ सप्टेंबर

आता म्हणे मार्चच्या त्या सणाला चर्चची घंटाही आपोआप वाजली होती. हे मी सांगितलेलं नाही. मी नाही!

९ ऑक्टोबर

मारूसोच्या उंबऱ्यावर तेलाच्या बाटल्या, तुळशीच्या कुंड्या. आत ती एकटीच. बायका खिडकीतून बघतात, क्रूसाची खूण करतात, निघून जातात. मी गेले तर तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"बाई, मला सांगायचंय. तो आहे ना, तो—"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. खिडकीत डोकी होती ना! कुजबुजले, "बाळ होऊ दे. मग सांग. आत्ता बोललीस तर तुझा बाप—"

ती थांबली. अगदी शाळेत थांबायची तशी.

खिडकीत डोकी होती हे खरं. पण ऐकायची भीती मला वाटत होती, हेही खरं. रोज ज्यांना नमस्कार करते त्यांच्यापैकीच कुणाचं तरी नाव असणार.

२१ ऑक्टोबर

चौथीला पुराणकथेचा तो धडा होता. राजाने मुलीला पितळेच्या खोलीत कोंडलं, तरी छतातून सोन्याचा पाऊस आला आणि तिला दिवस गेले. दरवर्षी शिकवते. पोरं दरवर्षी खूश. आज फळ्यापाशी उभी असताना खडू हातातच राहिला. हा पाऊस पहिल्यांदा कुणीतरी सांगितला असेल ना! त्या खोलीत कुणीतरी बाई असणार — दाई, दासी, कुणीतरी. दारात राजा, हातात तलवार. आणि तिने तोंडाला येईल ते सांगितलं.

त्या राजकन्येला कुणी विचारलं का, पुढे कधी? धड्यात नाही.

२४ डिसेंबर

मुलगा झाला. मारूसो सुखरूप.

इथे बाळाची नाळ कापायच्या आधी भांडण सुरू होतं — नाक कुणाचं, हनुवटी कुणाची, "अगं, हा तर हुबेहूब आपला अमका!" आज बायका एकेक करून पाळण्यावर वाकल्या. एकेक करून सरळ झाल्या. कुणी चकार शब्द काढला नाही. आनेझोने तर बघता बघता बाळाच्या तोंडावर दुपटं ओढलं.

मीही वाकले. मीही काही बोलले नाही.

११ जानेवारी १९५३

मनाचा हिय्या करून गेले. खिडकी लावली. म्हटलं, "मारूसो, आता सांग. कोण होता तो?"

ती बाळाला पाजत होती. मान वर केली.

"कोण म्हणजे? वाऱ्याने फडकं सुटलं, बाई. पहिला वास मी घेतला. घंटा वाजली."

माझेच शब्द! माझाच सूर — शुद्धलेखन घालताना लावते तो, सावकाश, एकेक शब्द तोडून. मी म्हटलं, "अगं, ते मी सांगितलेलं." तर ती हसली. कीव येऊन हसावं तसं.

खोलीत लिलीचा वास होता. जानेवारीत! घरी येऊन अंगावरचे सगळे कपडे बदलले.

२ फेब्रुवारी

आज नळावर कुणीतरी विचारलं, घंटा किती वेळ वाजत होती हो? आणि मी म्हणाले, "बराच वेळ."

मला ती ऐकू येते आठवताना. खरंच येते.

२५ मार्च

यंदा एकाही मुलीच्या तोंडावर फडकं नव्हतं. आयांनी बांधूच दिलं नाही. पुरुष भिंतीला टेकून ओळीने उभे होते, टोप्या हातात घेऊन, आणि मुली समोरून जाताना बघत होते.

३० जुलै

सकाळी शेजारची इरिनू आली, थाळीत रव्याचा शिरा, तोंडभर हसू. मागे तिचं शेंडेफळ — झाबेता. अजून आईच वेणी घालते तिची. "बाई, आमच्याही घरी! आमच्याही घरी माता आली!"

इरिनूला अंगणात पाठवलं. दार लावलं. झाबेतापुढे खाली बसले, तिचे दोन्ही हात धरले. "मला खरं सांग. मी कुणाला घाबरत नाही आता. कोण होता?"

ती रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्हीच सांगा ना, बाई. मारूसोच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं."