माळ्यावरची फळी

आण्णा, तुम्ही गेल्यापासून माळ्यावरची तुमची फळी आम्ही कुणी हलवली नव्हती. या थंडीत मी ती काढली. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई खिडकीशी पडून असते. साताऱ्यात यंदा गारठा कडक आहे, आणि ताट पुढे केलं की ती तोंड फिरवते. एकदाच म्हणाली, "पाखरांना दाणं ठिव की गं. तेवढंच बघत पडंन." तुमच्याच करवतीनं मी फळी कापली, कडेला पट्ट्या ठोकल्या, वर उतरतं छप्पर बसवलं, आणि दाणे घालून ते खोपटं खिडकीसमोरच्या पेरूच्या फांदीला टांगलं. दुसऱ्याच दिवशी चिमण्या आल्या. त्यांच्याकडं बघत आईनं अर्धी भाकरी खाल्ली.

चौथ्या दिवशी खाली एक चिमणी मरून पडलेली. थंडीनं असेल म्हणून मी ती पुरली. पाचव्या दिवशी आणखी दोन. मी दाणे हुंगले, मग फळी. दवानं भिजलेल्या लाकडाला उग्र, तेलकट वास येत होता. हाच वास आधी एकदा आला होता, ते आठवलं: मी दहा वर्षांची आहे, पाचगणीच्या त्या शाळेत तुम्ही बाकं दुरुस्त करताय, मी माझी चपाती एका फळीवर ठेवते आणि तुम्ही फाडकन हातावर मारता. "वाळवीचं औषध पाजलंय तिला. खायचं ठिवतीस व्हय तिच्यावर?" चार माणसांसमोर मारलंत, एवढंच मी इतकी वर्षं धरून बसले होते. का मारलंत ते विसरले.

चिमण्या फांदीवर वाट बघत असतानाच मी ते उतरवलं. आतून आई म्हणाली, "का गं काढलंस?"

"मांजर टपून बसतंय. तीन चिमण्या खाल्ल्या त्यानं."

वखारीतून कोरं लाकूड आणलं, चारचारदा हुंगलं, पुन्हा सगळं ठोकलं. आठ दिवस एक पाखरू फिरकलं नाही, आणि आईचं ताट तसंच परत येत राहिलं. नवव्या दिवशी एक बुलबुल आला, दाणा उचलून उडाला. मी दिवसभर पेरूखालची जमीन तपासत होते. काही पडलं नव्हतं. आता चिमण्याही येतात, आई थोडंथोडं जेवते.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते, पण तो फोटो पुसायला आई रोज मागून घेते. तेव्हा वहीतच राहू दे. शेजारच्या मांजराला ती कित्येक वर्षं दूध घालायची. आता ते कुंपणावर दिसलं तरी काठी आपटते, आणि मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.