बाबांचं हेल्मेट

वेंडेल,
ओहायोतल्या आपल्या काच कारखान्यातले आम्ही सगळे चिडलोय. भट्टी विझवताहेत आणि एकदा थंड झाली की ती चिरफळते. सिनेटमध्ये तू आमच्या नोकऱ्यांसाठी गळा काढलास आणि सरकारी तुटीचं कारण सांगून मदत अडवलीस. अरे, विझलेल्या भट्टीतून कर येतो का?

भट्टीवरची थेल्मा मला म्हणाली, "तुझा भाऊ फोटोपुरतं कोरं हेल्मेट घालतो."

निवृत्त माणसाचं हेल्मेट इथे खुंटीवरच राहतं. घरचं कुणी भट्टीवर उभं राहिलं, तरच ते उतरवतात. मी भट्टीवर नाही, पॅकिंगला आहे, म्हणून बाबांचं अजून तिथेच आहे.

पत्र टाकलं तर तुझे कारकून वाचतील, म्हणून कारखान्याच्या फाटकावर वार्ताहरांसमोर मोठ्याने वाचणार आहे. मदतीवर सिनेटमध्ये मंगळवारी मतदान आहे, त्याआधी ये आणि ते हेल्मेट घालून आमच्यात उभा राहा.

तुझ्यापुढे न झुकणारी बहीण,
लोरेटा