फ्लॉपीतला उंबरठा

नागपूर, सप्टेंबर १९८७

प्रिय लतिका,

बंगलोरहून तू पाठवलेली तुझ्या खेळाची फ्लॉपी धडधाकट पोचली. चांगला खेळ कशाने होतो ते खेळून सांग, असं तू लिहिलंस. उभा जन्म संस्कृत शिकवणाऱ्या आत्याला हे विचारणारी तू पहिलीच. सदरमधल्या कॉम्प्युटर क्लासच्या शोभाताईंनी रोज दुपारपुरतं एक यंत्र मोकळं करून दिलं. दुसऱ्याच्या अंगात शिरून त्याचं आयुष्य जगायचं, याला आपल्याकडे परकायाप्रवेश म्हणतात. पूर्वी त्याला तप लागायचं, आता वीज लागते. सदरमध्ये दोन्ही सारखीच दुर्मिळ.

नदीकाठचं घर सोडून निघालेली तुझ्या खेळातली ती मुलगी वैद्य होणार, योद्धा की चोर, असं यंत्राने विचारलं. मी चोर झाले. इतकी वर्षं सज्जनपणात गेली होती. रोमन अक्षरांत मराठी लिहिताना शुद्धलेखनाचं जे व्हायचं ते झालं, पण चोराने त्याची फिकीर करू नये. एका दुकानदाराचा कंदील लांबवला. पुन्हा त्याच्याकडे गेले तर म्हणतो, या ताई, बसा. इतका क्षमाशील दुकानदार मी महालच्या बाजारात तरी पाहिला नाही. तेव्हा तलवारी आणि राक्षस हवे तितके घाल, पण आपण केलेलं तिथल्या माणसांच्या लक्षात राहू दे. नाहीतर चोरीतही राम नाही.

दादा माझ्यासोबत यायचा. कन्हानहून बसने माझ्याकडे, मग माझी छत्री धरून क्लासला. तू नोकरीसाठी निघालीस तेव्हापासून त्याने, म्हणजे तुझ्या बाबांनी, तुझं नाव घेतलेलं नाही, आणि मीही काढलं नाही. पण माझ्या चोऱ्या बघवेनात म्हणून एक दिवस त्यानेच खुर्ची ओढली. ना वैद्य, ना योद्धा. काही न निवडता नुसती मुलगीच राहिला. उंबरठ्यावर तुझी आज्ञा आहे, "जाते" लिहा. त्याने "येते" लिहिलं. यंत्र म्हणालं, कळलं नाही. त्याने पुन्हा "येते" लिहिलं. "घरातून निघताना पोरगी जाते म्हनत नसते वं मनू. कोनं शिकवलं इले?" असं म्हणाला आणि त्याने खुर्ची मागे सरकवली. तूही त्या दिवशी "जाते" म्हणूनच निघाली होतीस. गेलीस तर परत येऊ नको, हे त्याच्या तोंडचं त्याआधीचं वाक्यही त्याला आठवलं असणार.

शेवटी "जाते" मीच लिहिलं. मग तो नदीपार गेला, जंगलात भरकटला, धर्मशाळेत तापाने पडला. बरा होताच मागे फिरला. घरापाशी यंत्र म्हणालं, दार बंद आहे. त्याने ठोठावलं. हाक मारली. "आई" लिहिलं, मग जरा थांबून "बाबा" लिहिलं. दार बंद. "काहून उघडत नाही वं?" मी म्हटलं, जिने खेळ लिहिला तिला कुणीतरी तसंच सांगितलं असेल. त्यावर छत्री उचलून तो बसकडे निघाला.

काल सकाळी मी चहा ठेवायच्या आत तो दारात हजर. "लिहून दे तिले, ते दार आतून लावलेलं नाही. ढकलून पाह्य म्हना." एवढ्यासाठी हे पत्र. हे सगळं खेळाबद्दलच आहे, असं त्याने निघताना बजावलं आहे, तेव्हा तूही तसंच समज. दुरुस्ती तिथे बसूनही होत असेल, तरी इथे येऊन कर.

तुझीच,
मनकर्णा आत्या