शेजारची लेन

यतीन,

‘प्रिय’ लिहून खोडलं. तसंही हे पाठवणार नाहीच.

रस्त्यावरच्या गाड्यांच्या आपल्या ड्रॅग रेसच्या गटात यंदा मी एकटीच उरले. तू गाडी विकून कार्डिफला गेलास, बाकीचे हँडिकॅपच्या रेसकडे वळले. तिथे हळू गाडीला आधी सोडतात. असली दया मला नको. सरळ रस्ता, शेजारी-शेजारी दोन लेन, दोघांना एकदमच हिरवा दिवा, पुढे जाईल तो जिंकला, एवढंच मला कळतं. पुढच्या वर्षी हा गटच बंद होतोय.

समोर कुणी नसलं तरी ट्रॉफीसाठी एकदा धावावं लागतं. दिवा हिरवा झाला आणि मी सवयीने तुझ्या लेनकडे पाहत राहिले. निघायला इतका उशीर केला की तू असतास तर हरलेच असते.

जिंकले.

नीना