डंकन व्याह्यांचा गोल

२२ डिसेंबर, रविवार
आले एकदाचे! रूपा, जावई रोरी आणि जावयाचे वडील डंकन. स्कॉटलंडहून थेट कडावला! चार आठवडे राहणार. व्याही चौऱ्याहत्तर वर्षांचे, पण उंची बघा — आल्या आल्या चौकटीला डोकं आपटलं. रूपाचा जीव खालीवर. आत नेऊन मला म्हणाली, डोक्यानं बॉल मारून मारून डोकं थकलंय गं, सगळं विसरतात. मी म्हटलं, फुटबॉल पायानं खेळतात ना? कपाळावर हात मारला तिनं.

२४ डिसेंबर
व्याही हाफ पँट घालून ओट्यावर! शेजारची चंद्राबाई पदर तोंडाला लावून हसत होती. पण मी गुडघे बघितले. दोन्ही कापून शिवलेले. नडगीला खड्डा. रूपा म्हणाली, ते नऊ नंबर. गोल मारायचं काम नऊ नंबरचं, म्हणून लाथाही त्यालाच. सोळाव्या वर्षी जहाजाच्या कारखान्यात हातोडा चालवत होते, शनिवारी खेळायचे. मग क्लबनं उचललं. सतरा वर्षं, तीन क्लब, दोनशे अकरा गोल.
दोनशे अकरा! भाकरी सोडून मी दोनशे अकरा वेळा नीट काय केलंय?

२८ डिसेंबर
व्याह्यांनी आज चारदा विचारलं, तुम्ही कोण? तीनदा सांगितलं, विहीण. चौथ्यांदा मी खेकसले. मग माझी मलाच लाज वाटली.

३० डिसेंबर
रोज संध्याकाळी एकच गोष्ट. कपाची फायनल, शेवटचं मिनिट, पाऊस, माणसांचा समुद्र. डावीकडून बॉल आला, व्याही हवेत उडाले, डोक्यानं मारला — आत! रूपा मराठीत सांगते आणि आख्खी आळी ओरडते, "गेला!" माझा भाऊ नरेश तर शिट्ट्या मारतो. आता तेवढा एक शब्द व्याह्यांना येतो. येईल त्याला विचारतात, "गेला?"
रोरी मात्र गोष्ट सुरू झाली की उठून जातो. बापाचं कौतुक नाय का याला?

२ जानेवारी
भात कापलेल्या शेतात पोरं खेळत होती. व्याही बांधावर. चहाचा कप कुठं ठेवायचा ते सुचत नाय त्यांना. तेवढ्यात बॉल अंगावर आला. बघितलंसुद्धा नाय नीट! उजवा पाय फिरला आणि बॉल दोन दगडांच्या मधून सणकन पार. नरेश हळूच म्हणाला, "ताई, पाय काय विसरला नाय गं."

९ जानेवारी
नरेशला मोबाइलवर ती फायनल सापडली. पौर्णिमेला वंदना झाली की विहारात मोठ्या टीव्हीवर दाखवणार म्हणतो, "आपल्या डंकन आप्पाला टाळ्या मिळू देत!" आधी मला दाखवली.
उडाले व्याही. काय उडाले! आणि बॉल गोलाच्या दांडीच्या वरून गेला.
रूपाला धरून विचारलं. रडली. त्यांच्या देशात लोकांना तो एकच बॉल आठवतो. दोनशे अकरा कुणी मोजत नाय. रस्त्यात लोक डोक्यावर हात वर करून दाखवायचे — इतका वरून! रोरीला शाळेत, तुझ्या बापानं कप घालवला. चाळीस वर्षं घरात फुटबॉलचं नाव नव्हतं. आता डोकं विसरलं, तेव्हापासून बॉल आत जायला लागला.
नरेशला म्हटलं, लोकांना सांग टीव्ही बिघडला. तो म्हणाला, "खोटं बोलू? आणि आप्पानं 'गेला?' विचारलं तर तू काय सांगशील?"

१० जानेवारी
मी खोटं बोलत नाय. नवऱ्याशी नाय, सरपंचाशी नाय. आज दिवसभर व्याह्यांना टाळलं.

११ जानेवारी
भांडी घासताना सुचलं! आत गेला तरी गेला. वरून गेला तरी गेला. हातातनं गेला तरी गेलाच! मग 'गेला' म्हटलं तर खोटं कुठं? रूपाला सांगितलं. हसता हसता रडली, मग धावत जाऊन रोरीला समजावलं.

१३ जानेवारी, पौर्णिमा
विहारात चौथं शील — खोटं बोलणार नाय — मोठ्यानं म्हटलं. टीव्ही नरेशनं लावलाच नाय. बाहेर आलो. व्याही बूट चढवता चढवता थांबले. "गेला?"
मी तोंड उघडायच्या आत रोरी म्हणाला, "गेला, डॅड." आणि खाली बसून त्यांच्या बुटाची नाडी बांधली.