अण्णांना तुझ्या शहरी पोचवण्याचे मार्ग

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून सध्या उभ्याउभ्याच). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? नवं घर बांधून दोन वर्षं झाली तरी माहेरचं कुणी फिरकलं नाही, म्हणून तू आमचा फोन उचलणं बंद केलंस, ते बरोबरच आहे. पण आम्ही निघालोच नाही असं मात्र समजू नकोस. निघालो होतो. चारदा (विमान धरलं तर).

तुमच्या शहराला आठवड्यातून दोनदा बारा माणसांचं एक चिमुकलं विमान येतं, आणि तिकीट देण्याआधी प्रत्येकाचं वजन विचारतात. अण्णांनी वजन सांगितलं आणि उलट विचारलं, वैमानिकाला किती वर्षं झाली? काउंटरवरची मुलगी कौतुकाने म्हणाली, तीन. झालं! चौतीस वर्षं बस चालवलेला आपला बाप ताडकन उठला. "तीन वर्षांच्या माणसाला आम्ही बस धुवायलासुद्धा देत नव्हतो!" मग रेल्वे. तिथे फलाटापर्यंत मजल गेली. गाडी आली, मी बॅगा चढवल्या, आणि अण्णांना आठवलं की हिनेच आपल्याला जन्मभर फाटकाशी ताटकळत ठेवलं. तिच्यात ते बसणार? बॅगा पुढच्या स्टेशनवरून परत आणाव्या लागल्या (कंबर तिथेच धरली).

तिसऱ्या खेपेला माझी मोटार. अण्णा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होते आणि दर वळणाला "हॉर्न!" म्हणून ओरडत होते. मी तो इतका दाबला की शेवटी अडकला आणि वाजतच राहिला. तसेच एका गावातून गेलो. लोक आदराने कडेला उभे राहिले. कुणी मंत्री चाललाय असं वाटलं असावं, कारण अण्णा हात हलवत होते. गॅरेजवाल्याने वायरच कापली. बिनहॉर्नच्या गाडीत पाऊल ठेवणार नाही म्हणून अण्णा घराच्या दिशेने चालत सुटले, आणि मी पहिल्या गियरमध्ये त्यांच्या मागे.

राहिली बस. तिचा ड्रायव्हर निघाला अण्णांच्या हाताखाली शिकलेला. त्याने मोठ्या मानाने त्यांना कंडक्टरच्या जागेवर बसवलं आणि घंटेची दोरी हातात दिली (खरा कंडक्टर मागे आनंदाने झोपला). मग काय विचारतेस! रस्त्यात जो दिसेल त्याच्यासाठी घंटा. "चढा, चढा, जागा आहे!" हे अण्णा अशा काही अधिकाराने म्हणायचे की माणसं चढायचीच. एक शेळीवाला चढला, भांडण अर्ध्यात टाकून दोन शेजारी चढले, सायकलीची चेन बसवत असलेला पोस्टमनही चढला. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की बसमधल्या अकरा जणांना कुठेच जायचं नाही. असा गलका झाला की एकेकाला सोडायला बस मागे वळवावी लागली. तेवढ्यात ड्रायव्हरची ड्युटी संपली आणि आम्ही आपल्याच स्टॉपवर उतरलो.

तात्पर्य, तुमच्या शहराला पोचायला मार्गच नाही. तेव्हा राग सोड आणि तूच ये.

तुझा,
धाकटा

ता. क. मार्ग आहेत गं. अण्णाच तुला घाबरतात. ऐन वेळी काहीतरी खुसपट काढून परत फिरतात. काल हळूच म्हणाले, "तिने दारच उघडलं नाही तर?" एक ओळ लिही, नुसतं 'या' म्हण.

ता. क. दुसरा. घोटाळा झाला! पाकीट चिकटवायच्या आत अण्णांनी पत्र मागितलं. म्हणतात, पोस्टाचा भरवसा नाही, मी स्वतः नेऊन देतो. दुपारच्या बसने, एकटे. वरचं खोडायला वेळ नाही. वाचलंच नाहीस असं दाखव.

ता. क. तिसरा. हे मी लिहितोय, तुझा बाप. वाचलं सगळं. धाकटा फार वाढवून लिहितो, शेजारी एकच चढला होता. पत्र दाराखालून सरकवतोय. घाई नाही, सावकाश वाच. मी पायरीवर बसलोय.